ट्रॉवेल, जेटचं झाकण आणि मलपिशवी: जंगलातल्या शौचाच्या सामानाचं परीक्षण

आधी निकाल सांगून टाकते. डोंगरात किंवा जंगलात मुक्कामाला जाणार असाल आणि शौचासाठी दोनच वस्तू विकत घ्यायच्या असतील, तर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॉवेल (खड्डा खणायचं छोटं हातखुरपं) आणि प्लॅस्टिकच्या बाटलीला बसणारं, धुण्यासाठी धार सोडणारं जेटचं झाकण घ्या. सोबत साबणाची छोटी बाटली हवीच. ओले वाइप्स घेऊ नका. मलपिशवी, म्हणजे विष्ठा भरून परत आणायची पिशवी, जिथे खणता येत नाही तिथे घ्या, पण तिथे मात्र न चुकता घ्या. पुढे जे लिहिलंय ते या निकालामागची कारणं आहेत, आणि प्रत्येक वस्तू कशी वापरायची तेही आहे. वस्तू चांगली असून वापर चुकला तर काहीच उपयोग होत नाही.

मी नवख्या माणसांचे गट घेऊन जंगलात जाते. बूट, सॅक, तंबू यांबद्दल लोक निघण्याआधी भरपूर विचारतात. शौचाबद्दल कुणी विचारत नाही, आणि ज्यांच्या मनात तो प्रश्न सगळ्यात मोठा असतो ते तर मुळीच विचारत नाहीत. ते पाणी पिणं कमी करतात. हे मी वारंवार पाहते, बायकांमध्ये जास्त. दुपारपर्यंत बाटली भरलेलीच असते, डोकं दुखत असतं, लघवी पिवळीजर्द झालेली असते, तरी घोटभर पाणी पोटात जात नाही. कमी पाणी पिणं आणि लघवी तुंबवणं या दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मिळते. शौच दाबून ठेवलं की बद्धकोष्ठता होते आणि तिसऱ्या दिवशी चालणं नकोसं होतं. त्यामुळे ही सोय मला तंबूइतकीच महत्त्वाची वाटते आणि तिचं परीक्षण मी तेवढ्याच गांभीर्याने करते.

ट्रॉवेलपासून सुरुवात करू. बाजारात ढोबळमानाने तीन जाती दिसतात: जाड प्लॅस्टिकचा, घडीचा स्टीलचा आणि एका पत्र्यातून वाकवून काढलेला अ‍ॅल्युमिनियमचा. प्लॅस्टिकचा मऊ, पानांच्या कुजीने भरलेल्या जमिनीत ठीक चालतो. खडी लागली किंवा मुळं आडवी आली की त्याचं पातं वाकतं आणि माणूस चार बोटं खणून थांबतो. मला त्याच्याबद्दल सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. घाईची वेळ असते, हत्यार साथ देत नाही, मग उथळ खड्ड्यावर भागवलं जातं. घडीचा स्टीलचा मजबूत असतो, पण वजन इतकं की लोक तो कॅम्पवर सोडून जातात. अ‍ॅल्युमिनियमचा मी वापरते तो १७ ग्रॅमचा आहे आणि साधारण १७ सेंटिमीटर लांब. इतका हलका असल्याने तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कायम राहतो, काढून ठेवावा असं कधी वाटतच नाही.

या पत्र्याच्या ट्रॉवेलची एक खुबी पाकिटावरच्या चित्रात नीट कळत नाही. तो उलटा धरता येतो. मुठीकडचं टोक अरुंद असतं, ते खाली करून जमिनीत खुपसलं की बारीक मुळं तुटतात आणि घट्ट माती सैल होते. मग सुलट करून माती उपसायची. मात्र उलटा धरला की पात्याची रुंद कड तळहातात रुतते. त्यावर कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या किंवा रुमालाची घडी धरा. कडेला गोलाई दिलेलेही काही नमुने मिळतात. हात नाजूक असेल तर ते बघा, थोडं वजन वाढलं तरी चालेल.

खोली १५ ते २० सेंटिमीटर आणि रुंदी १० ते १५ सेंटिमीटर, हे सर्वमान्य माप आहे. माझा ट्रॉवेल उभा पूर्ण आत गेला की खोली झाली, वेगळं मोजावं लागत नाही. तुमचा लांब असेल तर १५ आणि २० सेंटिमीटरवर नेलपॉलिशची रेघ ओढा. हे माप मनाला आलं म्हणून ठरलेलं नाही. मातीचा वरचा थर काळसर, हवा खेळती असलेला, जिवाणू-बुरशी-किड्यांनी भरलेला असतो. विष्ठा कुजवण्याचं काम तिथेच होतं. त्याखाली गेलात की माती फिकट होते, घट्ट होते, आणि ते काम करणारे जीव विरळ होतात. म्हणजे खूप खोल खणणं हा भलेपणा नाही. आणि फार उथळ ठेवलं तर प्राणी वासाने उकरतात, पहिला मोठा पाऊस सगळं उघडं पाडतो.

जागा निवडताना पाणी, वाट आणि कॅम्प या तिन्हींपासून किमान ६० मीटर दूर जायचं. मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं. पावसाळ्यात जिथून पाणी वाहतं ती कोरडी घळ म्हणजे पाणीच समजा. उन्हाची जागा मिळाली तर उत्तम, कुजणं लवकर होतं.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला कळली तेव्हा माझी सवय अधिक कडक झाली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ब्रिजर पर्वतरांगेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी रोगजंतू मिसळलेली विष्ठा मुद्दाम पुरून ठेवली आणि वेळोवेळी उकरून तपासली. अख्खा हिवाळा उलटून गेल्यावरही त्यात साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू जिवंत सापडले. थंड डोंगरात पुरलेलं महिन्या-दोन महिन्यांत मातीत मिसळून निरुपद्रवी होतं, हा समज त्यामुळे मोडीत निघतो. खड्डा जंतू मारत नाही. तो त्यांना पाण्यापासून, माश्यांपासून, जनावरांच्या तोंडापासून आणि पुढच्या माणसाच्या बुटापासून लांब ठेवतो. म्हणून अंतर आणि खोली या दोन बाबतींत मी कुणालाही सूट देत नाही, लहान मुलांनाही नाही; त्यांना आम्ही खणून देतो.

खड्डा खणायची वेळही महत्त्वाची. कळ आल्यावर जागा शोधत फिरणं म्हणजे वाटेच्या कडेला बसणं. मुक्कामाला पोचलो की उजेड असेपर्यंत मी फिरून जागा बघून ठेवायला सांगते. ज्यांची सकाळची वेळ पक्की असते ते संध्याकाळीच खणून ठेवतात आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून बाजूला काठी रोवतात.

गटासाठी ट्रॉवेलचा आणखी एक उपयोग आहे, तो कुठल्याच जाहिरातीत नसतो. कॅम्पच्या एका कडेला, सगळ्यांना दिसेल अशा फांदीला, आम्ही एक पिशवी अडकवतो. तिच्यात ट्रॉवेल, पाण्याची बाटली, साबण. कुणाला जायचं असेल त्याने पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. पिशवी जागेवर नसेल तर त्या दिशेला कुणी तरी गेलंय असं समजायचं. एकदा गटातली एक शाळकरी मुलगी धावत आली आणि म्हणाली, "ताई, पिशवी नाहीये जागेवर, मी इकडून जाते." मला फार बरं वाटलं. त्या वाक्यात लाज नव्हती. त्याच गटातल्या एक काकू पहिल्या दिवशी ओठ ओले करण्यापुरतंच पाणी पीत होत्या. पिशवीची पद्धत कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची बाटली दुपारीच रिकामी झाली. मोठ्या गटात दोन पिशव्या ठेवा, वेगवेगळ्या दिशांना.

आता जेटचं झाकण. याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते जंगलातल्या स्वच्छतेत एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच वस्तूने पडत नाही.

ही वस्तू म्हणजे बोटाएवढी छोटी नळी किंवा टोपी. तिला एक-दोन बारीक भोकं असतात. ती पाण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडावर बसते आणि बाटली दाबली की धार येते. दोन प्रकार आहेत. एक आट्यांचा, जो एका मापाच्या तोंडावर फिरवून बसवायचा. दुसरा सिलिकॉनचा, पायऱ्यापायऱ्यांचा, जो बाटलीच्या तोंडात दाबून खुपसायचा. आट्यांचा गळत नाही आणि धार सरळ राहते. पण आटे जुळले नाहीत तर तो शून्य. सिलिकॉनचा जवळपास कुठल्याही बाटलीत बसतो, मात्र जोरात दाबलं की निसटू शकतो. बाटली अर्धी रिकामी झाल्यावर तर जास्तच. मी आट्यांचा वापरते आणि त्याला जुळणारी बाटली कायमची त्याच कामाला ठेवली आहे. त्या बाटलीवर लाल पट्टी गुंडाळलेली आहे, अंधारातही बोटांना लागेल अशी. पिण्याची बाटली आणि ही बाटली यांची गल्लत होता कामा नये, यासाठी पट्टी हवीच.

बाटली पातळ, दाबली जाणारी हवी. कडक प्लॅस्टिकची किंवा धातूची बाटली निरुपयोगी. पाव लिटरच्या आसपास पाण्यात एका वेळचं काम होतं, हात धुण्यासकट थोडं जास्त धरा. पाण्याबद्दल माझा आग्रह असा, की हे पाणीही पिण्यालायक केलेलं असावं. ओढ्याचं गढूळ पाणी शरीराच्या अशा नाजूक भागाला लावणं मला पटत नाही, विशेषतः बायकांनी लावणं.

पद्धत सांगते. उजव्या हातात बाटली, डाव्या हाताने धुणं, आणि हे हात शेवटपर्यंत बदलायचे नाहीत. म्हणजे बाटली कायम स्वच्छ हातात राहते. बायकांनी धुताना दिशा पुढून मागे ठेवायची, मागचं पुढे येऊ द्यायचं नाही. पाणी खड्ड्यातच पडलं पाहिजे, म्हणून खड्डा वर थोडा रुंद असला तर बरं. मग उजव्या हाताने साबणाचे दोन थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, बाटली दोन गुडघ्यांत किंवा काखेत धरायची आणि दोन्ही हात खड्ड्यावरच चोळायचे, निदान वीस सेकंद, नखांच्या कडांसकट. साबणाचं पाणीही खड्ड्यात जातं. नंतर खणून काढलेली माती आत लोटायची, दाबायची, वर पालापाचोळा पसरायचा. ट्रॉवेल फक्त मातीला लागतो, विष्ठेला कधीच नाही. माती मिसळायची असेल तर काडीने मिसळा आणि काडी खड्ड्यातच सोडा. मिसळल्याने कुजणं लवकर होतं.

धुतल्यावर कोरडं होणं हा भाग बरेच जण सोडून देतात आणि मग मांड्या सोलवटतात. ओली कातडी आणि दिवसभराची चाल, दोन्ही मिळून जखम करतात. त्यासाठी एक छोटा सुती तुकडा किंवा कागदाचा एखादा कपटा पुरे. कागद वापरलात तर तो झिपच्या पिशवीत परत आणा. साधा, बिनवासाचा, थोडासा कागद नियम परवानगी देतात तिथे खोल पुरला तर चालतो, पण कोरड्या हवेत तो फार काळ तसाच राहतो, आणि प्राणी उकरतात तेव्हा पांढरे कपटे सगळीकडे उडतात. सुंदर जागा विद्रूप करणारी पहिली खूण बहुतेक वेळा तीच असते. जाळून टाकू नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यात बॉइसी शहरालगतच्या टेकड्यांवर एका सायकलस्वाराने वापरलेला कागद जाळला आणि त्यातून ७३ एकर गवत-झुडूप पेटलं. त्याचा हेतू स्वच्छतेचाच होता.

जेटच्या झाकणामुळे हा सगळा कागदाचा व्यवहार जवळजवळ संपतो. म्हणूनच मी त्याला ट्रॉवेलच्या बरोबरीचं स्थान देते. मागे काही उरत नाही, सॅकमध्ये वास येणारी पिशवी बाळगावी लागत नाही, आणि अंग खरोखर स्वच्छ होतं. पुसण्याने तसं होत नाही.

त्याच्या मर्यादाही आहेत. गोठणबिंदूखाली धार येत नाही, बाटली जॅकेटच्या आत ठेवावी लागते. जिथे पिण्याचं पाणीच मोजून मिळतं तिथे पाव लिटर देणं जड जातं. तिथे मी कागदाकडे वळते आणि तो परत आणते. भोकं बारीक असल्याने खारट पाण्याने क्षार साचतात, धार वाकडी होते. सुईने साफ करा. आणि पहिल्यांदा वापर घरी करून बघा. नेम कुठे लागतो, किती जोरात दाबायचं, हे घरच्या बाथरूममध्ये शिकून घ्या.

वाइप्सबद्दल थोडक्यात. बहुतेक ओल्या वाइप्समध्ये पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे धागे असतात, म्हणजे ते प्लॅस्टिक आहे. पाकिटावर पानाचं चित्र असलं तरी जमिनीत पुरू नका. वापरलेत तर प्रत्येक तुकडा परत आणा.

सॅनिटायझर साबणाची जागा घेऊ शकत नाही, हे मी ठासून सांगते, कारण छोटी बाटली खिशात आहे म्हणून हात धुणं टाळणारी माणसं मला नेहमी भेटतात. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर पुष्कळ जिवाणू मारतो. पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर तो कमजोर पडतो, जुलाब करणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर चालत नाही, आणि हाताला माती-मळ असेल तर आणखीच निकामी. साबण जंतू मारण्यापेक्षा ते कातडीवरून सोडवतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं, म्हणून तो सगळ्यांवर चालतो. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची लागण व्हायला त्याचे दहाएक सिस्ट (कवचातले सूक्ष्म जीव) पोटात गेले तरी पुरतात आणि लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर माणूस घरी पोचलेला असतो आणि दोष कुठल्या तरी झऱ्याला देतो. झरा दोषी असेलही. पण सगळ्यांनी एकाच पिशवीत हात घालून खाऊ खाल्लेला असतो, त्याचा विचार कुणी करत नाही. आमच्या गटात खाऊ हातावर ओतून देतात, पिशवीत हात घालायचा नाही.

हे वाढवून सांगत नाही. २०२२ च्या एप्रिल ते जूनमध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या नदीच्या खोल दरीत राफ्टिंगला आणि चालायला गेलेल्या २२२ जणांना पोटाचा आजार झाल्याची नोंद झाली, आणि तपासात नोरोव्हायरस सापडला. अमेरिकेतल्या अपॅलेशियन ट्रेल या लांबच लांब पायवाटेवर चालणाऱ्यांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना वाटेत जुलाब झाले होते, आणि पाणी नियमित शुद्ध करणाऱ्यांत व हात धुणाऱ्यांत ते प्रमाण कमी होतं. पाण्याच्या फिल्टरवर लोक जेवढं लक्ष देतात तेवढंच साबणावर द्या. साबण कुठलाही असो, ‘निसर्गात विघटन होणारा’ असं लिहिलेला असला तरी, तो ओढ्यात मिसळू देऊ नका. त्याचं विघटन मातीत होतं. पाणी भरून ६० मीटर दूर न्या आणि तिथे हात धुवा.

आता मलपिशवी. ही दुहेरी पिशवी असते. आतल्या मोठ्या पिशवीत पावडर असते, मुख्यतः सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, म्हणजे बाळांच्या डायपरमध्ये ओल शोषणारा तोच पदार्थ, सोबत वास कमी करणारे घटक. ओलावा लागला की त्याचा जेल होतो. बाहेरची पिशवी जाड, फाटू नये अशी, झिपची. खडकाळ शिखरं, बर्फ, हिमनद्या, अरुंद कोरड्या घळी, म्हणजे जिथे माती नाही किंवा मातीत जीव नाही, तिथे दुसरा प्रामाणिक पर्याय नाही.

नियमांची दिशाही तीच आहे. अमेरिकेतल्या माउंट व्हिटनी शिखराच्या वाटेवर मलपिशवी सक्तीची आहे. अलास्कातल्या डेनाली शिखरावर २००० नंतर घट्ट झाकणाचे मलडबे आले, आणि २०१८ पासून साधारण १४,००० फुटांवरच्या कॅम्पच्या खालची सगळी विष्ठा खाली आणणं बंधनकारक झालं. त्याआधी ती हिमनदीच्या भेगांत टाकत. हिमनदी वाहते, भेगेत टाकलेलं सगळं काही वर्षांनी खाली कुठे तरी वर येतं. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूला खुम्बू पासांगल्हामु गाउँपालिकेने २०२४ मध्ये गिर्यारोहकांना मलपिशव्या नेऊन त्या परत आणण्याचा नियम केला. हे सगळं फार उशिरा झालं, पण झालं याचं मला समाधान आहे.

मी वापरलेल्या पिशव्यांमध्ये फरक झिपमध्ये दिसतो. चांगली झिप दोन ओळींची असते आणि थंडीत, हातमोजे घालूनही बंद होते. हलकी झिप धुळीने भरली की लागत नाही. घेताना हेच तपासा. पिशवीचं तोंड रुंद हवं, जमिनीवर पसरून कडांवर चार दगड ठेवता आले पाहिजेत. पावडर आधीच पिशवीत असते की वेगळ्या पुडीत, तेही बघा. वाऱ्यात पुडी फोडणं त्रासाचं होतं. शक्यतो लघवी आधी बाहेर करून घ्या. जेल ओल धरतो पण त्याला हद्द आहे, आणि वजन उगाच वाढतं. बंद करताना आतली हवा दाबून काढा. एक पिशवी दोन-तीनदा वापरता येते.

वासाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर, गार हवेत वास जवळजवळ येत नाही. उन्हात, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, येतो. मी पिशवी रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते आणि बरणी सॅकच्या बाहेर बांधते. त्याने वासही थांबतो आणि सॅक टेकवताना पिशवी दबून फुटण्याची भीतीही जाते. परतल्यावर भरलेली पिशवी खड्ड्याच्या संडासात टाकू नका. तो उपसणाऱ्या यंत्रात पिशव्या अडकतात आणि साफ करणाऱ्या माणसाला त्या हाताने काढाव्या लागतात. कुठे टाकायची परवानगी आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा.

बायकांसाठीचं नरसाळं, म्हणजे उभ्याने लघवी करायचं साधन, मला मर्यादित ठिकाणीच पटलं. मोकळ्या माळावर, बर्फावर दोर आणि हार्नेस बांधलेला असताना, वादळात तंबूच्या दारातून, तिथे ते खरंच उपयोगी आहे. झाडी असेल तर बसणं सोपं. सिलिकॉनचं मऊ नरसाळं घडी होतं, पण कपड्यांच्या दाबाने मिटतं आणि सांडतं. थोड्या कडक कडेचं जास्त भरवशाचं वाटलं. सुरुवात हळू करायची, नाहीतर तोंडाशी भरून येतं. बाथरूममध्ये आधी सराव हवाच.

लघवी पुसायला वेगळा छोटा कापडाचा तुकडा ठेवणं मला नरसाळ्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. सॅकच्या मागे बाहेर अडकवला की उन्हात वाळतो, रात्री साबणाने धुवायचा. तो फक्त लघवीसाठीच. लघवी शक्यतो झुडपांवर न करता दगडावर किंवा उघड्या मातीवर करा; त्यातल्या मिठासाठी काही प्राणी रोपं उकरतात, चघळतात. अमेरिकेतल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधल्या डोंगरी बोकडांना माणसांच्या लघवीतल्या मिठाची इतकी सवय लागली की ते माणसांच्या मागे येऊ लागले, आणि २०१८ ते २०२० मध्ये शेकडो बोकड तिथून हलवावे लागले. तिथे ते मूळचे नव्हते हेही कारण होतंच. ठिकाणाप्रमाणे नियम उलटतात हेही लक्षात ठेवा: ग्रँड कॅन्यनमध्ये लघवी काठावरच्या वाळूत न करता थेट मोठ्या नदीत करायला सांगतात, कारण काठाची तीच ती वाळू सगळी माणसं वापरतात आणि कुजके वास साचतात.

पाळीच्या दिवसांसाठी कप वापरणाऱ्यांनी एकच जपायचं: हात आधीही धुवा, नंतरही. कपातलं रक्त खड्ड्यात पुरता येतं. पॅड, टॅम्पॉन कधीच पुरू नका. अपारदर्शक पिशवी, आत झिपची पिशवी, आणि परत. मी गटाच्या लटकत्या पिशवीत अशा दोन रिकाम्या काळ्या पिशव्या कायम ठेवते. मागायची वेळ कुणावर येऊ नये.

घरी आल्यावर जेटचं झाकण साबणाने धुऊन, सोसेल अशा गरम पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून ठेवा. सिलिकॉन उकळतं पाणी सोसतं, सगळी प्लॅस्टिकं सोसत नाहीत. बाटली बदला. ट्रॉवेल धुवा. आणि उत्पादकांना एक विनंती: ट्रॉवेल राखाडी आणि मातकट रंगांत विकणं थांबवा. हिरव्या-तपकिरी जमिनीवर तो ठेवला की दिसेनासा होतो, आणि नेमका अंधारात शोधावा लागतो. भडक नारिंगी किंवा गुलाबी द्या, आणि मुठीला दोरी ओवायला भोक द्या. ज्या नमुन्यांना ते भोक आहे त्यांना मी पैकीच्या पैकी गुण देते. माझ्याला नाही, म्हणून त्याचा एक गुण कापते.